पुस्तिकेचं सोळावं पान

— नाही हो, मूर्ख मीच, एडेल्ट्राउडमावशी, दुसरं कुणी नाही. गायनमंडळाच्या हॉलला आमच्या एर्विनो आजोबांचं नाव द्या, असा नगरपालिकेत अर्ज कुणी केला? मी. पाटी हिरवी की निळी, यावर आठवडाभर सगळ्यांचं डोकं कुणी खाल्लं? मीच. केक घ्या ना, सकाळचाच आहे. आणि आता गावाच्या इतिहासाची पुस्तिकाही माझ्याच गळ्यात. जर्मनीहून बोट, ब्राझीलचं जंगल, कुऱ्हाडी, चर्चची घंटा — पंधरा पानं नुसते संतच संत. त्या जंगलात आधी माणसं राहत होती, त्यांच्या वाट्याला एक ओळ, 'जमीन मोकळी होती.' ओळ नगराध्यक्षांची. पण टाइप कुणी केली?

मग सोळावं पान. दुसऱ्या महायुद्धातलं, इथं जर्मन बोलायला सरकारची बंदी होती तेव्हाचं. तुम्हाला मी काय सांगायचं, रिटर गुरुजी तुमचेच वडील — पण मी लिहिलं होतं की परगावच्या पोलिसानं त्यांना पकडलं. गावात सगळे तेच सांगतात ना. लेन्त्सबाईचं तान्हं पुरत होते, पाद्री प्रार्थना पोर्तुगीजमध्ये म्हणतोय, तिला एक शब्द कळेना, म्हणून गुरुजींनी तिच्या कानाशी वाकून ती जर्मनमध्ये म्हटली. एवढंच. खड्ड्याशी नऊ माणसं, सगळी गावची. मग पोलिसाला कळलं कसं? हा प्रश्न मला कधी पडलाच नाही — इतिहास लिहायला बसले, तरी नाही.

पोलिसांचे जुने कागद मागवले, त्यात गुरुजींविरुद्धच्या तक्रारीचं हे पत्र आलं. वाचलंत? खालची सही आमच्या आजोबांची. वर 'देशभक्त नागरिक'. कसली डोंबलाची देशभक्ती — गायनमंडळाचे प्रमुख गुरुजी होते, पुढच्या महिन्यापासून आजोबा. झालं. तेवढ्यासाठी. गुरुजी तुरुंगातून आले ते पुन्हा कधी गायलेच नाहीत म्हणे — हो, हो, तुम्हाला माहीत असणारच. आणि मी त्या माणसाच्या मांडीवर बसून गाणी शिकले. शिसारी येते, मावशी. रविवारी गाताना सगळे म्हणतात, नोएली, अगदी एर्विनोचा आवाज गं तुझा.

उद्या पुस्तिका छापायला जायची. नगराध्यक्ष म्हणतात, उत्सवाच्या तोंडावर हे कशाला, जुनंच पान जाऊ दे. आणि खरं सांगू? पत्र दाखवायचं हे नुसतं निमित्त. मला वाटलं, तुम्ही इतक्या लांबून याल, जरा रडाल, म्हणाल, जाऊ दे पोरी, झालं गेलं — मग मी सगळ्यांना सांगायला मोकळी, मावशीच नको म्हणाल्या. बघा म्हणजे. एर्विनोही दुसऱ्याच्या आडून काम साधायचा, मीही तेच. आवाजच काय घेऊन बसलात.

अशा बघू नका. हे पत्र छापू की नको?

मावशींनी पत्राची घडी घातली, चष्मा काढून डबीत ठेवला.

"छाप. मला चार प्रती लागतील."