नंबर काढायला गेलो आणि ब्लडप्रेशर घेऊन आलो

…नाही, तुम्हीच सांगा, माणूस चष्म्याचा नंबर काढायला जातो तेव्हा त्याला चष्म्याचा नंबर मिळायला हवा की नको? मला मिळालं ब्लडप्रेशर! आणि मला काही होत होतं का? काही नाही!

तुम्हाला सांगतो, मी गाडी शिकवणारा माणूस. दिवसभर शिकाऊंच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, माझ्या बाजूचा जादा ब्रेक दाबायचा आणि ओरडायचं, "क्लच! अहो क्लच! तो वायपर आहे!" हल्ली लांबच्या पाट्या पुसट दिसायला लागल्या, म्हणून बायको मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाची. तिनं थेंब घालून माझ्या बाहुल्या मोठ्या केल्या, झगझगीत दिवा लावला आणि आत अशी डोकावली, अशी डोकावली… जशी काही भाड्यानं खोली बघायला आलीय! मग म्हणते, "काका, ब्लडप्रेशर आहे का तुम्हाला?"

म्हटलं, "अहो, तुम्ही डोळा बघताय. दंड इकडे आहे!"

हसली. "काका, बारीक धमन्या नुसत्या बघून दिसतात अशी अंगातली हीच एक जागा. तुमच्या आवळल्यात."

आवळल्यात? कुणी आवळल्या? तर म्हणे त्यांच्या भिंतीतच स्नायू असतो, त्यानं आवळून धरलं की नळी अरुंद, नळी अरुंद की दाब वाढला, हृदयाला जोर जास्त, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की भिंती जाड होतात, मग सैल पडायचं नावच नाही! म्हटलं, "पण मला काही होत नाही!" म्हणते, "तीच तर पंचाईत आहे, काका." लगेच दंडाला पट्टा गुंडाळला, फुस्स फुस्स फुगवला. आकडा बघून तिनं नुसत्या भुवया उचलल्या. बायकोनं मात्र तो मोठ्यानं वाचला… बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनी माना वळवल्या!

"आजच फिजिशियनला दाखवा. दुर्लक्ष केलंत तर डोळ्याच्या आत रक्त उतरेल, नजर जाऊ शकते."

म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. गोळ्या? मला? काही होत नसताना?

बाहेर उन्हात आलो तर काय, सगळं जग दुधाळ! त्या थेंबांची करामत. आता गाडी चालवणार कोण? बायको! जिला मीच शिकवली, आणि शिकवताना जिनं आठवडाभर अबोला धरला होता, ती! मी शेजारी. समोर नुसते रंगांचे डाग. तो लाल ठिपका सिग्नल की कुणाची छत्री? मी ओरडलो, "ब्रेक!" आणि दाबला पाय… घरच्या गाडीला माझ्या बाजूला कुठला आलाय ब्रेक! पाय आपला चटईवर!

बायको शांतपणे म्हणते, "अहो, ती टपाल पेटी आहे. ओरडू नका, आवळतील."

हिच्याकडे वळून बघितलं… तर चेहराच दिसेना! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळेना, ही हसतेय की कपाळाला आठ्या घातल्यात. थेंब काय, संध्याकाळपर्यंत उतरतील. पण उद्या खरंच असं झालं तर? गाडी शिकवायचं सोडा, हिचा रागसुद्धा दिसणार नाही!

अगदी हळू आवाजात म्हटलं, "अगं, गाडी वळव. त्या फिजिशियनकडे घे."

"तिकडेच तर चाललेय मघापासून!"

झालं. गोळी सुरू, मीठ बंद, सकाळी चालणं. कुरकुरत का होईना, सगळं केलं. परवा तपासायला गेलो, दाब उतरलेला! डोळ्यांतही नवीन काही बिघाड नाही. मी खूश! फिजिशियनला म्हटलं, "डॉक्टर, आता तर मला खरंच काही होत नाही. मग गोळी बंद कधी?"

"जन्मभर घ्यायची."

"आणि नाही घेतली तर?"

"तरी जन्मभरच," म्हणाले, "फक्त जन्म आखूड होईल."

घेतो बापडा!