अगरबत्तीच्या भरवशावर

(गोडदेवची रक्त तपासायची लॅब. ती चालवणारी उर्मिला तिथे; लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणारा पराग शांती नगरच्या घरून फोनवर.)

उर्मिला : थांब, पराग! रिपोर्टच्या कॉम्प्युटरवरून एकेक फाईल गायब होतेय!

पराग : रिपोर्टच्या? शक्यच नाही ताई. मी इथून नेटवरून काउंटरचा जुना पुसतोय, उद्या भंगारात जाणारा. नेटवर्कवरचा चौदा नंबर.

उर्मिला : अरे, माझ्या डोळ्यांसमोर चाललंय!

पराग : मागची नेटची निळी केबल काढा. आत्ता!

उर्मिला : काढली... थांबलं.

पराग : जुन्या रिपोर्टची कॉपी आहे माझ्याकडे. आजचं बघा.

उर्मिला : आजचं फोल्डर रिकामं आहे.

पराग : सकाळी लाइट गेली होती?

उर्मिला : सातला, पाच मिनिटं.

पराग : आल्यावर पहिला कुठला चालू केलात?

उर्मिला : त्याचं काय आता?

पराग : सांगा ना!

उर्मिला : हाच, रिपोर्टचा. नऊ दिवसांचं बाळ आलं होतं, रडून लालबुंद. म्हटलं, आधी त्याचं उरकू.

पराग : रोज तर तुम्ही काउंटरवर अगरबत्ती लावता, तोच पहिला चालू करता.

उर्मिला : हो. मग?

पराग : लाइट जाऊन आली की राउटर नंबर नव्याने वाटतो. जो आधी चालू होईल, त्याला चौदा. काउंटरच पहिला असतो, म्हणून मी स्क्रीन न बघताच चौदा नंबर पुसायला घेतला...

उर्मिला : माझ्या अगरबत्तीच्या भरवशावर? दिवाळीपासून सांगतेय तुला, प्रत्येकाला एकदाच पक्का नंबर देऊन टाक!

पराग : त्यासाठी तिथे येऊन एकेका मशीनवर बसावं लागतं. आज येतो, उद्या येतो करत राहिलो. आळस केला, ताई.

उर्मिला : सतरा जणांचे रिपोर्ट गेले.

पराग : रक्त आहे ना नळ्यांत? परत लावा.

उर्मिला : मोठ्यांचं आहे, लावते. बाळाचं टाचेतून काढलेलं थेंबभर होतं. संपलं.

पराग : तपासणीच्या मशीनमध्ये आकडा राहिला असेल...

उर्मिला : ते जुनं मशीन इकडे पाठवतं आणि पुसून मोकळं होतं. मीही लिहून ठेवला नाही. कावीळ किती आहे ते बघून डॉक्टर अकराला ठरवणार होते, बाळाला ॲडमिट करायचं का.

पराग : मी निघतोय. रिक्षाने वीस मिनिटांत पोचतो. आज सगळ्यांना पक्के नंबर घालूनच उठेन.

उर्मिला : घाल. पण निघायच्या आधी एक फोन कर. बाळाच्या आईचा नंबर पाठवलाय.

पराग : काय सांगू त्यांना?

उर्मिला : बाळाची टाच परत टोचायचीय म्हणून सांग. का, तेही तूच सांग.