दाढेची तक्रार मिटली

—न्हाई न्हाई, तुमी बोलू नका, साहेब. कापूस पडंल. मान हलवली तरी कळतं मला. इंजेक्शन दिलं आन् भाईर बसवलं न्हवं, सुन्न होईस्तोवर? तसंच करत्यात देवश्री मॅडम. आता तुमाला तुमचा ओठ वडापावएवढा वाटत असंल— हात लावून बघू नका, हाय तेवढाच हाय. रूट कॅनॉलच ना? व्हय? मंग बरोबर मानसाजवळ बसलात. उभ्या राहुरीत कॅनॉलमधलं कळनारा मानूस शोधायला गेलात तर तो ह्याच बाकड्यावर घावंल तुमाला. सूर्यभान पाटकरी. आडनाव न्हाई ते, पन लोकांनी आडनावच करून टाकलंय— सगळी नोकरी कॅनॉलवर गेली ना. कोनाला पानी सोडायचं, कोनाचं गेट पाडायचं, कॅनॉलमधनं फुटल्याल्या चारीच्या तोंडाला कोन आन् पार शेवटाला, टेलला, कोन— सगळं हितं, डोक्यात. आत खुर्चीवर आमची मंडळी हाय, बनुबाई. उजवीकडची खालची दाढ. डावीकडं तिच्या चावायला काय उरलंच न्हाई, जे काय हाय ते ह्या एका दाढेवर. ती राहती का काढावी लागती ते मॅडम आज सांगनार हायत, म्हनून बसलोय.

मी तुमाला सांगतो ना, पेशंटानं काय काय म्हाईत करून घ्यायला पायजे. फुकट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात तिची दाढ ठनकायला लागली— गार पानी चालंना, च्या चालंना, गालाला पदर लावून बसायची. सूनबाई म्हनली मॅडमना दाखवू. ज्ञानेश्वरी नाव तिचं, शिकलेली हाय, स्कूटी चालवती. दाखवलं. मॅडमनी दाढेचा फोटो काढला, म्हनल्या, कीड आतल्या नसेला पोचलीय, रूट कॅनॉल करावं लागेल. मी म्हनलं, थांबा. कॅनॉल? कॅनॉलचं मला सांगायचं न्हाई. मला सांगा साहेब, कॅनॉल काढला की काय हुतं? पाझर सुटतो. पाझर सुटला की कडंच्या जमिनी पानी धरून चिबडत्यात, वर मीठ फुटतं, उसाचं पाचट बी हाती लागत न्हाई. मंग एका दाढेत कॅनॉल काढल्यावर शेजारच्या दाढा चिबडनार का न्हाई? हसू नका, कापूस पडंल. मॅडमबी हसल्या. म्हनल्या, काका, हा कॅनॉल आम्ही काढत नाही, दाताच्या मुळात तो मुळातच असतो, आम्ही फक्त साफ करून भरून टाकतो. मी म्हनलं, साफसफाईचं तर बोलूच नका, आमच्याकडं दरसाल गाळ काढायचं टेंडर निघायचं, बिल निघायचं, आन् गाळ आपला जाग्यावर. मी मंडळींना उठवलं आन् घरी घेऊन आलो.

मंग गावात झालं की ओ नाव. कोनाची दाढ दुखली की आधी माझ्याकडं— आण्णा, दवाखान्यात जाऊ का? मी म्हनायचो, जा, पन कॅनॉल काढू देऊ नको, शेजारी चिबडंल. लवंग धर, तुरटीच्या गुळन्या कर, लईच झालं तर मेडिकलमदनं गोळी आन. लोक पटकन ऐकायचे— घाबरू नका म्हननारा डॉक्टर आन् कॅनॉलच नको म्हननारा मी, कोनाचं ऐकतील? ह्या खुर्चीपासून लई जनांना वाचवलंय मी. हळू बोलतो, दार पातळ हाय. त्यातले दोन-तीन मघाशी आत जाताना दिसले मला. एकानं वळखच दिली न्हाई.

तुमी घड्याळाकडं का बघताय? त्यांना वेळ लागनार. बारीक बारीक सुया घालून नळ्या साफ करायच्या, फोटो काढून बघायचं, परत घालायच्या— नाजूक काम हाय. बसा निवांत.

तर तक्रारीचं सांगतो. मंडळी रोज म्हनायची, दुखतंय. मी म्हनायचो, थांबंल. आता मी काय नवीन हुतो का तक्रारीला? तक्रार मिटवायला पानी लागत न्हाई साहेब, ऐकून घ्यायची कला लागती. आमच्या चारीच्या टेलला कानिफनाथ म्हनून एक हुता, लिंबाची बाग त्याची. पान्याचं आवर्तन सुटलं की ह्यो सायकल घेऊन हजर— पाटकरी, पानी पोचलं न्हाई. मी म्हनायचो, येईल. पुढच्या आवर्तनाला परत— पोचलं न्हाई. मी म्हनायचो, बघतो. च्या पाजायचो. चारचौघांत हाळी मारायचो, सरका रं, टेलवाले आले! लोक हसायचे, त्योबी हसायचा. मंग एका आवर्तनाला आलाच न्हाई. पुढच्यालाबी न्हाई. मोठ्या साहेबांनी इचारलं, टेलचं काय झालं, मी म्हनलं, तक्रार मिटली. साहेबांनी पाठ थोपटली माझी, म्हनले, मानसं सांभाळावीत तर सूर्यभाननं. काय? हातानं काय इचारताय, पानी? पानी कुठलं पोचतंय तिथवर. बाग वाळली त्याची. तोडली, आन् नगरला एमआयडीसीत वॉचमन झाला. मागं एकदा स्टँडवर भेटला, हसला. तक्रार काय केली न्हाई त्यानं. मला ते आवडलं.

मंडळींचंबी तसंच मिटलं. पुतनीचा साखरपुडा हुता राहात्याला, सगळे पावने जेवायला बसलेले, आन् ही पानावर गालाला हात लावून बसली. वाढपी पोरगी म्हनली, आत्या, जिलबी घ्या की. ही म्हनली, दाढ दुखती गं. आता पावन्यांत कशाला दाढ काढायची? म्हंजे, विषय. मी म्हनलं, अहो, तिच्याकडं लक्ष देऊ नका, आमची टेलवाली हाय ती, बारा महिने तक्रार! सगळी पंगत हसली. हीबी हसली— म्हंजे, तोंडाला पदर लावला हुता, हसलीच असंल. आन् काय सांगू साहेब, त्या दिवसापासनं दाढेचं नाव न्हाई. एकदाबी न्हाई. मी दिवाळीत इचारलं सुद्धा, मुद्दाम, भावकी बसलेली असताना— काय, दुखती का दाढ? न्हाई म्हनली. मी सगळ्यांना म्हनलं, बघा, कॅनॉल न काढता बरी झाली. भाकरी तेवढी कुस्करून खायला लागली. कालवनात पार भिजवून, हातानं मऊ करून. शेंगदाने सोडले, हुरडा आला तर चाखून ठेवून दिला. मला वाटलं वय झालं, आवड बदलती मानसाची. माझीबी बदलली, मला आता कारलं आवडतं.

आन् मंग एका सकाळी उठली तर गाल हा एवढा. डोळा मिटलेला, तोंड उघडंना, अंगात ताप. मी म्हनलं, लवंग— पन ज्ञानेश्वरीनं मला इचारलंच न्हाई. स्कूटीवर बसवून घेऊन आली हितं. मी मागनं एस्टीनं आलो. मॅडमनी पू काढला, औषदं दिली, आन् मंग मला आत बोलावून फोटो दाखवला. मुळाच्या खाली काळा डाग, हाडापतूर गेलेला. मी म्हनलं, पन मॅडम, दुखायचं तर कवाच थांबलं हुतं! तर त्या काय म्हनल्या म्हाईत हाय? ही गोष्ट नीट ऐका, तुमच्या कामाची हाय. म्हनल्या, "काका, थांबलं तेव्हाच धावत यायला हवं होतं. आतली नस मेली की दुखत नाही. दाढ बरी झाली म्हणून नाही, सांगणारं कोणी उरलं नाही म्हणून." असं असतं ते. कीड आत चालूच ऱ्हाती, नुसता आवाज बंद. गोळ्यांनी सूज बसती, पन आतलं साफ केल्याबिगर जात न्हाई. आन् नळ्या भरल्या म्हंजे झालं असं बी न्हाई, साहेब— निम्मी मानसं ठनका गेला की परत येतच न्हाईत, वर कॅप बसवत न्हाईत, मंग एक दिवस फुटान्यानं दाढ दोन फाकळ्या. तुमी कॅप बसवून घ्या. चिबडत बिबडत काय न्हाई, ते माझं जरा— म्हंजे, आमचा कॅनॉल येगळा, ह्यांचा येगळा. मी आता लोकांना तसं सांगनार हाय. सावकाश. एकदम सांगितलं तर लोक काय म्हनतील.

भाईर येताना ज्ञानेश्वरीबी बोलली मला. कधी उलटून बोलत न्हाई ती. म्हनली, "आबा, आईंचं दुखायचं थांबलं नव्हतं. तुम्हाला सांगायचं थांबलं होतं. मला सांगायच्या त्या, मोरीत तोंड धुताना." आता मला सांगा, मोरीत सांगितल्याली तक्रार मला कशी कळनार? नवरा घरात बसलाय, खुर्चीवर, दिसतोय, त्याला सांगायची ना. मी काय खाल्लं असतं का तिला? टेलवाली म्हनलो असन, ते लाडानं. कानिफनाथलाबी लाडानंच म्हनायचो मी.

थांबा— ऐका. आतनं आवाज येतोय. तिचाच हाय. मॅडमशी बोलती ना? एवढं? ऐका की, हसलीबी. तोंडात एवढं सगळं कोंबलेलं असताना हसती कशी? घरात तर सूज आल्यापासनं माझ्याशी आवाज न्हाई. म्हंजे भांडन न्हाई हां, भांडन बिंडन काय न्हाई. च्या म्होरं ठेवती. टावेल देती. मी म्हनायचो, तोंड सुजलंय बाईचं, कशाला बोलवायचं. सूज उतरली तरी बोलंना, तर मी म्हनलं, घरात शांतता हाय, बरं हाय. मी भावाला फोनवर सांगितलंसुद्धा— आमच्याकडं सगळं ठीक, कोनाची काय तक्रार न्हाई.

तुमी असं का बघताय माझ्याकडं? बोलता येत न्हाई ते बरंय तुमाला. न्हाई, बघू नका तसं. मी काय— एवढ्या वर्षांत मी तिच्यावर हात उगारला न्हाई, बाहेरचं काय केलं न्हाई, वेळेवर पगार घरात दिला. ती सांगायची आन् मी म्हनायचो बघतो. बघतो म्हननं काय गुन्हा हाय का? आन् ती गप बसली की मला वाटायचं, मिटलं. पटकन मिटायचं तिचं. आधी लई बोलायची हो ती, लग्न झालं तवा. सासरवाडीला म्हनायचे, बनीच्या तोंडाला कुलूप लावा. मला तर आठवतच न्हाई कवा कमी झालं ते. कोनाला इचारनार आता?

उघडलं दार. आली. बसा तुमी, तुमाला बोलवतीलच. काय झालं, मॅडम? राहिली? काढायची न्हाई? राहिली म्हनत्यात, साहेब, दाढ राहिली! पुढच्या खेपेला भरायची, मंग कॅप. व्हय, व्हय, मी घेऊन येतो— कोन? ज्ञानेश्वरीच आननार? बरं. तिला स्कूटी हाय. अगं, हळू, पायरी हाय. दुखतंय का गं? … न्हाई म्हनती. मान हलवली, न्हाई. जरासंबी न्हाई? … न्हाई.

मॅडम, ही न्हाई म्हनती. सुन्न हाय म्हनून न्हाई म्हनती, का मी इचारलं म्हनून? तुमाला कळतं का त्यातलं, फोटोत दिसतं का कुठं? न्हाई दिसत. बरं. मंग असं करा, तुमी इचारा तिला. दाढेचंच न्हाई, सगळंच इचारा. माझ्याम्होरं ती न्हाईच म्हनंल— मी भाईर रस्त्यावर उभा ऱ्हातो.