रविवारच्या पावत्या

सासरे : म्हणजे तू पैसे भरले नाहीसच?

सून : एक रुपयासुद्धा नाही. आधी चपला तर काढू द्या, अण्णा.

सासरे : सकाळी घसा कोरडा करून सांगितलं. दवाखान्याचं एक पावतीपुस्तक हरवलंय. शंभर पावत्या, वीस-वीस रुपये. दोन हजारांचा तर मामला. माझ्या पेन्शनीतून घे, भर आणि मोकळी हो.

सून : मोकळी कसली? खाल्ले म्हणूनच भरले, असं म्हणायला सगळे मोकळे.

सासरे : लोकांचं तोंड दोन दिवस चालतं. नोकरी गेली तर...

सून : हेडक्लार्क आजपासून घरी. माझी खिडकी उद्या आठ वाजता उघडणार.

सासरे : ज्यानं तुझ्यावर तक्रार केली, तोच?

सून : तोच. वरचे साहेब तपासणीला आले, तर हाच आधी बोलायला उभा. म्हणे, केसपेपरचे पैसे ही घेते, कपाटाची किल्ली हिच्याकडे, मग पुस्तक गेलं कुठे? दुसरी किल्ली स्वतःच्या खिशात, ते नाही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. साहेबांनी मला विचारलं, काही म्हणायचंय का. मी म्हटलं, मला नाही, बाहेर बसलेत त्यांना म्हणायचंय.

सासरे : कोण बसलंय बाहेर?

सून : पेशंट. एकसष्ट जण. बाकं पुरेनात, बायका जिन्यावर टेकलेल्या. आणि प्रत्येकाच्या हातात हरवलेल्या पुस्तकातली पावती.

सासरे : काहीतरीच. तीस वर्षं कंडक्टरकी केली मी. माणूस गाडीतून उतरला की तिकीट फेकतो.

सून : तोही तसंच समजला, तिथेच फसला. पावती दाखवली की चौदा दिवसांत दुसरी तपासणी फुकट. दोन वर्षं खिडकीतून ओरडून सांगतेय मी. वीस रुपयांसाठी गरीब माणूस तो कपटा पिठाच्या डब्यात जपतो, बाळाच्या लसीच्या कार्डात जपतो. खुर्चीतून न उठणाऱ्याला हे कुठून कळणार?

सासरे : पण तुला कसं कळलं?

सून : परवा एक बाई फुकट तपासणीला आली. पावतीवर नंबर त्या पुस्तकातला, तारीख रविवारची. रविवारी मला सुट्टी असते. हा म्हणायचा, तू आराम कर, मी बसतो खिडकीवर. मी मूर्ख त्याला देवमाणूस समजत होते. रोजच्या वसुलीची वही उघडून बघितली, तर गेल्या दोन्ही रविवारी याच्या हातचं लिहिलेलं : पेशंट नाही, वसुली नाही. मग त्या बाईलाच सांगितलं, रविवारी कोण कोण आलेलं, सगळ्यांना पावतीसकट घेऊन या.

सासरे : आणि मला यातलं काही बोलली नाहीस.

सून : बोलले असते तर जाऊ दिलं असतंत?

सासरे : नसतं. बरं, पुढे?

सून : साहेबांनी पावत्या टेबलावर ओळीनं लावल्या. अक्षर त्याचं, सही त्याची. एवढंच विचारलं, "पेशंट नव्हते, तर ही माणसं कोण?" घाम पुसत म्हणाला, लिहायचं चुकून राहिलं. तर मागून एक म्हातारा म्हणतो, "मग आम्हीही चुकूनच आजारी पडलो असू." सगळा दवाखाना हसला, अण्णा. डॉक्टरीणबाईसुद्धा.

सासरे : पैसे?

सून : त्याच्याकडून वसूल. आणि बाळंतिणींच्या खोलीत गरम पाण्याची सोय करायची, तो ठराव तीन वर्षं धूळ खात पडला होता. जमलेल्या पैशांतून पहिला खर्च तोच. साहेबांकडून लिहूनच घेतलं.

सासरे : मी भरले होते.

सून : तुम्ही?

सासरे : माझ्या बॅगेत एकदा तीनशे सत्तर रुपये कमी निघाले. डेपोच्या कॅशियरनं मोजता मोजता काढले, या डोळ्यांनी बघितलं. पण तुझ्या सासूचे दिवस भरत आले होते. म्हटलं, कटकट नको. भरले, सही केली. अफरातफर मान्य, असा शेरा बसला तो बसलाच. बढती नाही, काही नाही.

सून : आईंनी सांगितलंय मला. लग्न झालं त्याच वर्षी.

सासरे : तिनं सांगितलं?

सून : हो. आणि ऐका. आता पैशांच्या पेटीला दोन कुलपं. एक किल्ली माझी, दुसरी बाहेरच्या एका माणसाची. रोज दोघांनी मिळून उघडायची, दोघांनी मोजायचं. साहेबांनी नाव विचारलं. मी तुमचं दिलं.

सासरे : डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माझ्या नावावर शेरा आहे.

सून : तोही सांगितला. सगळ्यांसमोर. न घेतलेले पैसे भरलेत, तेही सांगितलं.

सासरे : मग साहेब काय म्हणाले?

सून : लगेच नाव लिहून घेतलं.

(सासरे चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवतात.)

सासरे : पेटी किती वाजता उघडायची असते?