गुलाबबाईंचा सरडा

बेल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात शेळी धरून बसलेल्या धोंडाबाईला पुढचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. कापडदुकानवाल्या गुलाबबाई पाळलेला सरडा घेऊन आल्या होत्या.

“डॉक्टर, महिना झाला, हा डोळेच उघडत नाही. आता खाण्याला तोंडही लावत नाही.”

“खायला काय देता?”

“पपई. भिजवलेली डाळ.”

“अवं मावशी, सरड्याला डाळ?” धोंडाबाईला राहवलं नाही.

“आम्ही जैन, बाई. जिवंत किडे कसे घालणार?”

“किडे न मिळाल्यानंच डोळे गेलेत, काकी. आता वाचणं अवघड आहे,” डॉक्टर म्हणाले.

“दिव्याखाली आपोआप मेलेले किडे पडतात, ते चालले असते?” गुलाबबाईंनी विचारलं.

“हातानं भरवले असते, तर चालले असते.”

“रोज सकाळी झाडून फेकत होते हो मी.”