मुरमावरचा ठसा

दि. १६/११/२०२५, दुपारी ३.४० वा.

मी, संगमेश्वर रामलिंग शेटकार, वय ५८ वर्षे, धंदा टायरचे दुकान, राहणार निलंगा, जि. लातूर. ठाण्यात स्वतः हजर होऊन, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर माझ्या मनाने सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी कमलम्मा हिच्यासह राहतो. मोटारसायकलच्या टायरचे काम एकतीस वर्षांपासून करतो. मुलगी मंजुश्री, वय २६, नांदेडला नोकरीस आहे. सुट्टीच्या दिवशी ती मोटारसायकलवर बसवकल्याण, बिदरपर्यंत फिरते व मुक्कामाला घरी येते.

काल दि. १५ रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास तळ्याकडच्या मुरमाच्या रस्त्यावर साखराबाई, वय ६५, यांना मोटारसायकलची धडक बसून पाय मोडला. त्या तासभर तिथेच पडून होत्या. दूधवाले दगडोबा यांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेले. बाई बोलण्याच्या स्थितीत नसल्याने लोकांनी दगडोबांनाच धरून ठाण्यात आणले. चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यातला हा प्रकार आहे.

आज सकाळी अकरा वाजता ठाण्याच्या साहेबांनी मला ठसे पाहण्यासाठी जागेवर नेले. ठसे दगडोबांच्या गाडीचे नाहीत. त्यांचे टायर डांबरी रस्त्याचे, तेही झिजून गोटा झालेले. जागेवरचा ठसा मध्यम ठोकळ्यांच्या नक्षीचा आहे. डांबर आणि मुरूम दोन्हींवर लांब फिरणारा माणूस असे टायर घेतो. तशी जोडी मी एकच आणली आणि ती घरातच बसवली.

गेल्या गुढीपाडव्याला टायर निवडताना मंजुश्रीला मोठ्या ठोकळ्यांचे हवे होते. मी म्हणालो, "ते चिखलाला बरं. डांबरावर ब्रेक मारला की गाडी नाचती. धा किलोमीटरात तू सात डांबरावर चालवायलीस."

ती म्हणाली, "अन् मुरमावर घसरलं तर, आप्पा?"

मी म्हणालो, "हे लई धरतंय. बिनघोर चालव."

हे शब्द माझे आहेत, तसेच लिहून घ्यावेत.

अशा रस्त्यांवर पुढच्या टायरचे ठोकळे एका बाजूने झिजतात. म्हणून चार हजार किलोमीटरनंतर मी तो काढून उलटा बसवतो. कंपनी असे सांगत नाही, ही माझी पद्धत आहे. या जोडीची नक्षी दोन्ही चाकांना एकाच दिशेने असते. जागेवर वळणात दोन्ही चाकांच्या रेघा वेगळ्या पडल्या आहेत व त्यात पुढची नक्षी उलटी आहे. दिवाळीत मीच ती उलटवली होती.

धडकेच्या आधी ब्रेकची खूण नाही. टायर कुठेही घसरलेला नाही. चाळीस फुटांवर गाडी थांबली आहे. तिथे डाव्या बुटाचा एक ठसा आहे. साइड स्टँड टेकल्याची खूण नाही. म्हणजे चालवणारा गाडीवरून उतरला नाही. हे मी सकाळी साहेबांना सांगितले नाही. घरी जाऊन येतो म्हणालो.

घरी गाडीचा डावा इंडिकेटर फुटलेला दिसला. काल मंजुश्रीने कुत्रे आडवे आले असे सांगितले होते. मी फक्त विचारले, "उतरलीस का?"

ती म्हणाली, "आरशात दिसली आप्पा, हात हलवायली होती. मला वाटलं, लई लागलं न्हाई."

मी परत तेच विचारले. ती म्हणाली, "न्हाई."

धडक कोणाच्याही हातून होते. पण आमच्या घरातले माणूस उतरले नाही, याची मला लाज वाटते. कमलम्मा म्हणाली, "तुम्हाला कोण विचारायलंय? गप बसा." तिचे आईचे काळीज आहे, तिला दोष देऊ नये. मी मुलीला म्हणालो, "गाडी काढ." कुठे जायचे ते तिने विचारले नाही. मी मागे बसून आलो. वाटेत ती सावकाश चालवत होती.

दगडोबांना सोडावे, ही विनंती.

हा जबाब मला वाचून दाखवला. साइड स्टँडची ओळ मी दोनदा वाचायला लावली. ती बरोबर आहे आणि बाकीचेही माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मुलगी बाहेर बाकावर दगडोबांच्या शेजारी बसली आहे. तिला आत आणायला कोणाला पाठवू नये. हाक मी मारतो.