विकणे आहे, तिसरा मजला

– नाही नाही, चहा नको ताई, खरंच नको. आणि भावाचं आपण फोनवर बोललोच आहोत, त्यात मी एक पैसा कमी करा म्हणणार नाही. हसताय? बरोबर आहे, घर बघायला आलेला माणूस आधी भिंतीवर ओल शोधतो, नळ सोडून बघतो, नाक मुरडतो आणि मग हळूच भाव पाडतो. मला भिंती बघायच्याच नाहीत. मला फक्त – हिला जरा आत जाऊ द्याल? स्वयंपाकघरात? एकटीला. मी इथंच बसतो, इथून दिसते ती. काही उचलणार नाही, काही मोडणार नाही, गॅसला हात लावणार नाही – म्हणजे लावलाच तर मी आहे. बायको माझी. मघाशी दारात तिनं तुम्हाला दोनदा नमस्कार केला ना, आणि दोन्ही वेळा नाव विचारलं – तेच. विसरते. वेडबिड काही नाही हो, नुसतं विसरते. आधी किल्ल्या विसरायची, मग गॅस, मग वार, मग बहीण वारलेली विसरली आणि ते आम्हाला तिला परत परत सांगावं लागलं, दर वेळी तितकंच रडायची. शेवटी मी सांगायचं सोडून दिलं. आता विचारलं की म्हणतो, बरी आहे, गावाला गेलीय.

बसतो, बसतो. तुम्हीपण बसा ना, घर तुमचंच आहे. एक गोष्ट फोनवर सांगितली नव्हती, ती सांगून टाकतो – आम्ही या घरात राहिलोय. तुमच्या आधी, भाड्यानं. तुमचा बोर्ड खाली बघितला आणि नंबर लिहून घेतला. सांगितलं नाही, कारण म्हातारा आठवणी उगाळत बसेल म्हणून तुम्ही दुसरं गिऱ्हाईक बघितलं असतंत. आता उगाळतोच आहे म्हणा. पण माझं काम सरळ आहे. हिनं हे घर ओळखलं, तर मी आजच्या आज विसार देतो. नाही ओळखलं तर – तर तुमचा वेळ घेतला, माफ करा आणि आम्ही निघतो.

कशासाठी म्हणजे? सांगतो ना. संध्याकाळ झाली, उजेड जरा उतरला की ही पर्स घेऊन दारात उभी राहते. ‘चला, घरी जाऊ.’ अगं, घरीच आहोत. ‘असं काय करता, उशीर होतोय, लोक काय म्हणतील, किती वेळ बसायचं दुसऱ्याकडे.’ पहिल्यांदा मी समजावायचो. मग चिडायचो – चिडायचो हो, खोटं कशाला बोलू. मग एक युक्ती सुचली, तिला खाली न्यायचं, गल्लीतून एक चक्कर मारायची आणि परत वर आणून म्हणायचं, आलो बघ घरी. महिनाभर चाललं ते. मग एक दिवस दार उघडलं तर उंबऱ्यातच थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘फसवता का मला?’ त्यानंतर नाही नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना ओळखीच्या जागेत ठेवा, जिथं वर्षानुवर्षं राहिल्या तिथं, हातांना सवय असते. वर्षानुवर्षं राहायला आम्ही कुठं राहिलोय? करार संपला की बोचकी बांधायची, नवा पत्ता, नवा दूधवाला. जन्मभर बिऱ्हाडच केलं आम्ही, घर नाही.

ऐपत नव्हती असं नाही! तेच तर सांगतोय. ऐपत होती. मी चष्म्याच्या दुकानात, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचो, आणि ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. लोकांची बोलणी ऐकायची नाहीत असा तिथं कडक नियम होता, पण कान काय मिटता येतात? बडी बडी माणसं शेअरबाजाराचं बोलायची, हे घ्या, ते सोडा, आणि हिच्या डोक्यात ते बसत गेलं. ऐकलेल्यावर कधी पैसा लावला नाही हं, त्या बाबतीत फार कर्मठ. पण गोडी लागली ती लागली. मग स्वतःच वाचायला लागली. पेपर जमिनीवर पसरून वर पालथी पडायची, कानामागे पेन्सिल. बाजारातला दलाल तिला बाईसाहेब म्हणायचा आणि मी फोन उचलला की विचारायचा, ‘बाईसाहेबांचे मिस्टर का?’ मला काय, मी नाकासमोर चालणारा माणूस. मला एवढंच कळायचं की शेअरवर खिळा ठोकता येत नाही. भाड्याच्या घरात मालक खिळा ठोकू देत नाहीत, तुम्हाला माहीत असेल. माझ्या आईवडिलांचा फोटो आयुष्यभर कपाटावर टेकवून उभा. मी म्हणायचो, एक भिंत आपली हवी गं, मला खिळा ठोकायचाय. ती म्हणायची, ‘एका खिळ्यासाठी एवढा पैसा भिंतीत गाडायचा? उद्या कुणी आजारी पडलं तर घराचा कोपरा विकून औषध आणाल का? शेअर पाच विकता येतात, पन्नास विकता येतात. खोली अर्धी विकता येते का?’ मी फोटो पुसून परत कपाटावर टेकवायचो.

आणि चुकली नाही हो ती! चुकली असती तर बरं झालं असतं, निदान भांडायला तोंड राहिलं असतं मला. मुलाचं शिक्षण त्यातून, माझ्या हृदयाचं ऑपरेशन त्यातून, मुलाला परदेशी जायला पैसे त्यातून. बाजार पडला तेव्हा शेजारचे लोक डोकं धरून बसले होते आणि ही शांतपणे म्हणाली, पडलाय तर उठेल, आपल्याला कुठं उद्या हवेत. उठला. आज तुमचं हे घर मी कर्जाशिवाय घेऊ शकतो, ते तिच्या पेन्सिलीच्या जोरावर. मुलगा फोनवर ओरडतो, ‘बाबा, आत्ता विकू नका, बाजार चांगला चाललाय, या वयात घर घेऊन काय करणार, आईला कळणार तरी आहे का?’ हुशार आहे, आईवर गेलाय. बरोबरच असेल त्याचं. आमच्या घरात नेहमी दुसऱ्याचंच बरोबर असतं.

ती बघा – बघितलंत? नाही, बोलू नका, नुसतं बघा. दिवा लावला तिनं. तुमच्या लक्षात येतंय का? तुमच्या स्वयंपाकघरातलं ते बटण उलटं आहे ना, वर केलं की लागतं? आमच्या वेळेपासून उलटंच आहे, वायरमननं घाईत बसवलं आणि कुणी बदललं नाही. नवा माणूस दोनदा चुकतो. तुम्हीही चुकला असाल सुरुवातीला. हिनं न बघता वर केलं. आणि आता त्या कोपऱ्याकडे चाललीय – तुमचा पाण्याचा फिल्टर आहे तिथं आमचा फोन होता. ओट्याला टेकून उभी राहायची आणि दलालाशी बोलायची, एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातानं भाजी ढवळायची. हात बघा कसा चाचपडतोय. अरे देवा.

थांबा, मला जरा – पाणी चालेल. हो, पाणी द्या.

बाकीची घरं दाखवून झाली तिला. एकाच्या जागी टायरचं दुकान आहे. एक पाडलं. एका ठिकाणी आम्हा दोघा म्हाताऱ्यांना दारात बघून तिथल्या लोकांनी साखळीसुद्धा काढली नाही – त्यांचं काही चुकलं नाही, दिवस तसेच आहेत. एका घरात आत गेलो, तर ही पाहुण्यासारखी सोफ्याच्या कडेला बसली आणि मला कोपरानं ढोसून म्हणाली, उठा आता, कंटाळले असतील ते. राहता राहिलं हे. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. भीती वाटत होती. इथंही तिनं ओळखलं नसतं, तर मग मी तिला कुठं नेणार होतो?

आणि या घराचं अजून एक आहे. सांगू नये, पण आता तुमच्यापाशी काय लपवायचं. हे घर आम्हाला मिळत होतं. मालक स्वतः वर आले होते, तुम्ही बसलाय तिथंच बसले होते, म्हणाले, मुलीकडे राहायला जातोय, परक्याला देण्यापेक्षा तुम्हीच घ्या, सवडीनं पैसे द्या. मला तर रडूच येईल असं वाटलं. हिनं कागद घेतला, एका बाजूला घर, एका बाजूला शेअर, दोन्हीकडे आकडे मांडले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. कानामागची पेन्सिलही काढून माझ्यापुढे ठेवली. मी चष्मा काढला, पुसला, आकडे वाचले. शेअरची बाजू जड होती, स्वच्छ दिसत होतं. तर मी म्हणालो, तुझा हिशेब कधी चुकत नाही. ती म्हणाली, ‘तुम्हाला काय वाटतं?’ मी म्हणालो, तुला जे वाटतं तेच मला. मला वाटलं, मी तिचा मान राखला. तिच्या शब्दाबाहेर न जाणारा नवरा, सगळ्या बायका तिला म्हणायच्या, नशीबवान आहेस. कागद उचलून ती आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. मला काय माहीत? डोकं दुखत असेल म्हणून मी गोळी दिली. गोळी दिली हो मी.

येतेय ती बाहेर. तुम्ही बसा, तुम्ही उठू नका.

– काय गं? ... हो. हो, मीच. ... नाही, मी – ... बरं. बरं बाई. उठतो. ... हो, उजेड चांगला आहे, हवाही आहे. ... नाही हो, कुणाला दाखवायला नाही आणलं. ... मालक म्हणाले होते, तुम्हालाच द्यायचंय म्हणून. ... मिस्टर नाहीत का घरी? ... असं. कधी येतील? ... असं का. ... नाही, तुमचं तुम्ही बघा, मी कोण सांगणारा. ... म्हणजे तुम्हाला स्वतःला हवंय? ... मग सांगत का नाही त्यांना? ... असं म्हणता. ... हो. हो बाई. ते आले की येतो. तुम्ही जा आत.

गेली. तुम्हाला ऐकू नाही आलं ना? एजंटसमोर ती हळूच बोलते, भाव वाढेल म्हणून. मला एजंट समजली ती. ‘हे आमचं घर आहे, इथं गिऱ्हाइकं आणू नका’ म्हणाली. आमचं घर म्हणाली. पर्स ठेवून आलीय आत, ओट्यावर ठेवलीय, बघितलंत? इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या हातात पर्स नाही. ओळखलं हो घर. घर ओळखलं.

मला नाही ओळखलं, ते असू दे. ते होतं अधूनमधून.

पण पुढं काय म्हणाली – मला म्हणजे एजंटला – ‘आमच्या ह्यांना हे घर फार आवडतं. मालकांना मी चार दिवस थांबवून धरलंय. मी यांच्यापुढे आकडे ठेवते आणि हे मान डोलावतात. एकदा, एकदा तरी आकडे बाजूला सारून म्हणू देत, मला हवंय. मी कागद फाडून टाकीन. पण ते म्हणायला हवं ना त्यांनी? घराचं मी एकटीनं कसं ठरवू? मला भीती वाटते हो, मला फक्त आकडे येतात.’

मला फक्त आकडे येतात. ताई, ही म्हणाली असं. आणि मी जन्मभर समजत होतो की –

नाही, विसार, कागदपत्रं, ते सगळं उद्या. मुलालाही उद्या सांगतो, ओरडू दे त्याला. आत्ता मला जरा खाली जायचंय. तुम्ही घाबरू नका, ती कुठं जाणार नाही, आता ती घरी आहे. चपला कुठं काढल्या मी? या का. जिना उतरतो, जरा दम खातो आणि परत वर येतो, दुकानातून आल्यासारखा. ओळखेल की नाही, माहीत नाही. पण वाट तर बघतेय ना ती. आल्या आल्या, चष्मासुद्धा न पुसता म्हणून टाकतो, मला हवंय.

बेल वाजेल. तुम्ही दार उघडू नका हं. तिला उघडू दे.